फुगवटा जिथे संपतो

बरगी जलाशय,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रणोती,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही आणि खाली 'अनेक आशीर्वाद'ही नसतील. वर्षभरात जिने माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही, तिला पोस्टाने आशीर्वाद पाठवावेत इतकी मी उदार नाही. हे पत्र केवळ माहितीसाठी आहे.

जबलपुरात गढ्याच्या घराला मी कुलूप लावलं असून सध्या बरगी धरणाच्या जलाशयात शिडाच्या एका होडीवर राहते आहे. वेड लागलेलं नाही. जलाशयातल्या किती पाण्याची वर्षभरात वाफ होते, याचे आपल्याकडचे आकडे काठावर ठेवलेल्या पत्र्याच्या एका पिंपावरून काढतात. पिंप म्हणजे जलाशय नव्हे, हे मी आयुष्यभर वर्गात सांगत आले. निवृत्त झाल्यावर ते स्वतः पाण्यात राहून सिद्ध करावं असं ठरवलं, रीतसर परवानगी घेतली आणि भोपाळच्या एका क्लबने मोडीत काढलेली होडी विकत घेतली. शीड हाताळायला मी कॉलेजात एन.सी.सी.च्या नौदल विभागात शिकले होते. हात विसरले नव्हते, गुडघे मात्र विसरले आहेत.

तू नेमावरला चातुर्मासासाठी थांबली आहेस, हे मला श्यामसुंदर यांच्याकडून कळलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, विनयमामाचे स्नेही. नर्मदेची परिक्रमा करून नुकतेच परतले आहेत. म्हणजे देवउठनी एकादशीला चातुर्मास संपला की तू उत्तर तटाने पूर्वेकडे निघशील आणि हिवाळ्यात कधीतरी या जलाशयाच्या काठावरून जाशील. मी नेमकी इथे असणं हा योगायोग आहे. मोजमाप दुसरीकडे होऊ शकत नव्हतं.

गैरसमज नको म्हणून सांगते. पीएच.डी.चा प्रबंध शेवटच्या वर्षी टाकून नदीभोवती चालत सुटणं हा पळ आहे, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. "तुला नदी घनमीटरमध्येच दिसते," हे तुझं वाक्यही मी विसरलेले नाही. ते अगदीच चूक नव्हतं, पण अपुरं होतं.

आणखी एक माहिती. मी स्वयंपाक शिकते आहे.

आपल्या घरी तुझे बाबा होते तोवर स्वयंपाकघर त्यांचं होतं, पुढे स्वयंपाकाच्या शर्मिलाबाईंचं. मला त्या खोलीत कधी काही काम आहे असं वाटलं नाही. शर्मिलाबाई होडीवर यायला तयार नाहीत ("मैया के पेट पर चूल्हा जलाओगी, दीदी?"), त्यामुळे प्रश्न माझ्या अंगावर आला. होडीच्या केबिनमध्ये एक स्टोव्ह आहे. तो दोन खिळींवर टांगलेला असून होडी डावीकडे कलली की तो उजवीकडे झुलतो. भिंती, बाक, कंदील आणि मी असे सगळे तिरपे झालो, तरी पातेल्यातलं पाणी मात्र क्षितिजाला समांतर राहतं. पहिल्या दिवशी मी त्यात काहीच शिजवलं नाही, नुसतं बघत बसले. इतक्या साध्या यंत्राची इतकी सुंदर वागणूक मी पूर्वी पाहिली नव्हती.

त्यानंतर शिजवलेला भात खाण्याजोगा नव्हता.

अवंतिका मुजुमदार


बरगी जलाशय,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रणोती,

हे पत्र नेमावरच्या आश्रमालाच पाठवते आहे. तू निघाली असलीस तर ते पुढे पाठवतील, असं श्यामसुंदर म्हणतात. परिक्रमावासींच्या हातूनच टपाल जातं म्हणे. आपल्या टपालखात्यापेक्षा ही व्यवस्था बरी दिसते.

तुरीची डाळ शिजत नव्हती. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तरी डाळ दाण्यादाण्याने टणक राहिली. मी दुकानदाराला दोष दिला, मग डाळीला, मग जलाशयाच्या पाण्याला. शेवटी दोन भांडी घेतली. डाळ तीच, पाणी तेच. एकात आमसुलं आधीपासून घातली, दुसऱ्यात डाळ शिजल्यावर. पहिल्या भांड्यातली डाळ दगडासारखी राहिली, दुसऱ्यातली लोण्यासारखी झाली. आंबटपणामुळे दाण्याचं आवरण सुटत नाही, हे पुस्तकात असेलच. पण ते माझ्यासमोर, माझ्या चमच्याखाली घडलं याचा मला झालेला आनंद वयाला शोभणारा नव्हता.

हे सगळं चालू असताना हेमामामी आली. ती दर रविवारी रांझीहून बस बदलून बरगीनगरला येते आणि मग डोंगीतून, म्हणजे लहानशा नावेतून, माझ्यापर्यंत. तिची भाषा तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षांत मी ती सुधारू शकले नाही.

"काहून हो ताई, एवढ्या शिकल्या तुम्ही, अन् एका माणसाच्या वरणाला दोन दोन भांडे लावून राहिल्या?"

"हा प्रयोग आहे, हेमलता."

"अच्छा! मग जेवाचं कोणत्या भांड्यातलं? का प्रयोगातल्या डाळीनंच भावाच्या बायकोचं पोट भरते?"

तिने माझं पिठलं पाहिलं. त्यात गुठळ्या होत्या. ती एकेक गुठळी चमच्याने उचलून ताटाच्या कडेला मांडत गेली आणि म्हणाली, "तुमच्या होडीचा नांगर हलका पडला, तर ह्या बांधून द्या." मग पीठ आधी गार पाण्यात कालवून उकळत्यात सोडायचं, हे तिने दाखवलं. ते बरोबर होतं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "कारण तुम्ही शोधा, मी खाऊन राहिली."

मला एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं ते असं. मी उभी हयात बाष्पीभवनावर घालवली. वारा, तापमान, आर्द्रता यांची समीकरणं झोपेतही मांडीन. पण उघड्या पातेल्यातलं पाणी झाकलेल्या पातेल्यापेक्षा किती झपाट्याने आटतं आणि तळाशी लागलेल्या भाताचा वास पाणी संपण्याच्या अगोदरच कसा बदलतो, हे मी पूर्वी एकदाही पाहिलं नव्हतं. वास आधी येतो आणि डोळ्यांना नंतर कळतं. या पूर्वसूचनेचं गणित कोणी मांडलं असेल का?

हेमामामीने तुला काही कळवलंच तर ती अतिशयोक्ती समजावी. शीड उभारलेलं असताना मी कढीची फोडणी करत होते. वारा अचानक फिरला आणि स्टोव्हची कडी, जी बंदरात लावून ठेवायची असते, ती काढायची राहिली होती. त्यामुळे स्टोव्ह झुलला नाही आणि तेल झुललं. मनगटाला किरकोळ भाजलं. आता होडी चालू असताना फोडणी करायची नाही आणि दुपारचा वारा सुटण्याआधी स्वयंपाक उरकायचा, असा नियम केला आहे.

तू काय खातेस? चौकशी नव्हे, कुतूहल आहे.

अवंतिका


बरगी जलाशय,
१४ डिसेंबर २०२५

प्रणोती,

श्यामसुंदर यांचा अंदाज असा की तू जानेवारीच्या मध्यावर जबलपूरच्या ग्वारीघाटावरून पुढे सरकशील. तू सावकाश चालतेस, वाटेतल्या गावांमध्ये मुलांना शिकवत थांबतेस, असं त्यांना कुणीतरी सांगितलं.

हे औपचारिक निमंत्रण समजावं.

माझी वरणफळं आता जमतात. गोळाभात जमतो, गोळे फुटत नाहीत, कारण भरडा किती जाड असावा याचा मी छडा लावला आहे. मझौलीच्या शेतावरून विनयमामा दर आठवड्याला मटार पाठवतो. यंदाचा मटार इतका गोड आहे की त्याला काहीही करू नये, हा माझा निष्कर्ष. तेलात जिरं, मिरची आणि झाकण. हेमामामीने एकदा खाऊन नाकाने आवाज काढला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि जाताना डबा भरून नेला. "घरी दाखवासाठी," म्हणाली.

योजना अशी. तू उत्तर काठाने येशील. मी होडी त्या काठाला आणीन. तू होडीत येशील, आपण जेवू, आणि ज्या जागी चढलीस त्याच जागी तू उतरशील. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते, हे मी जबलपुरात जन्मल्यामुळे अर्थातच जाणते. परंतु नांगरलेल्या होडीत बसून त्याच काठाला परतणं म्हणजे ओलांडणं नव्हे. तर्काला यात कुठेही आक्षेप घेता येणार नाही.

केबिनमधल्या टेबलाला चारी बाजूंनी कड आहे, त्यामुळे ताट घसरत नाही. दोन माणसं नीट बसतात. मी मापून पाहिलं आहे. पंक्तीला कोण बसलं होतं ते विचारू नकोस. हेमामामी होती, आणि तिने तिथल्या उशीवर कढी सांडली.

कोणत्या दिवशी येशील ते कळवावं, म्हणजे वरणफळांची कणीक आदल्या दिवशी दळून आणता येईल.

अवंतिका


बरगी जलाशय,
३ जानेवारी २०२६

प्रणोती,

तुझं कार्ड मिळालं. ते इथे जसंच्या तसं उतरवून घेते, कारण आपण दोघी एकाच मजकुराबद्दल बोलतो आहोत याची खात्री हवी.

"आई, तिन्ही पत्रं मिळाली. परिक्रमावासी होडीत पाय ठेवत नाही. काठाला बांधलेल्या होडीतही नाही. शिवाय मी फक्त स्वतः रांधलेलं खाते. काठावर शिधा दिलास तर घेईन. एक विचारायचं होतं. बरगीच्या वर, उत्तर काठाला एक नाला जलाशयाला मिळतो. त्यावर रस्त्याचा पूल आहे. पुलाखालचं पाणी नाल्याचं की नर्मदेचं? कुणी म्हणतं पुलावरून गेलेलं चालतं, कुणी म्हणतं नदीचा फुगवटा तिथवर येतो म्हणून ती नर्मदाच. तुला नक्की सांगता येईल. प्रणोती."

होडीच्या आणि रांधण्याच्या नियमांचा मला राग आला. तो राग लपवणार नाही. ऑक्टोबरपासून मी शिकते आहे. श्यामसुंदर यांना विचारलं, तर ते म्हणाले, "नाही हो ताई, आजकाल सगळे अन्नक्षेत्रात शिजलेलंच जेवतात. मी तर खुशाल पुरीभाजी हाणून राहिलो होतो." म्हणजे स्वतः रांधून खाण्याचा नियम तुला कोणी घालून दिलेला नाही, तो तू स्वतःच घालून घेतला आहेस. परंपरा मागते त्याहून अधिक काटेकोर राहायचं हे तू कुठून घेतलंस, यावर मी थोडा विचार केला आणि तो विचार लवकरच थांबवला.

माझ्या हातचं टाळण्यासाठी हा नियम आहे का, असाही प्रश्न मनात आला. कार्डावरच्या शाईचा रंग आणि अक्षराचा कल बघून उत्तर मिळत नाही.

पण शेवटचं वाक्य मी पुनःपुन्हा वाचलं. 'तुला नक्की सांगता येईल.' तू दहावीत असताना मला प्रश्न विचारणं सोडलं होतंस.

प्रश्न उत्तम आहे. मला आश्चर्य वाटतं की तो माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी विचारला नाही. धरण झाल्यापासून नदीचं पाणी प्रत्येक नाल्याच्या तोंडातून आत, वरच्या दिशेने शिरलं आहे. नाल्याच्या वाटेत उभं राहिलेलं ते पाणी नाल्याचं की नदीचं? नकाशावर तिथे फक्त निळा रंग असतो. तो रंग भरणाऱ्या माणसाला कोणती नदी कुठे संपते याची फिकीर नसते. मीही त्यांच्यातलीच एक होते.

मी असं धरते: जिथपर्यंत पाणी जलाशयाच्या पातळीला आहे आणि स्थिर आहे तिथपर्यंत ती नर्मदा. जिथून ते वाहायला लागतं, तिथून वर नाला. ही व्याख्या तुला मान्य नसेल तर कळव, पण हिच्याहून निर्दोष मला सुचलेली नाही.

उद्या डोंगी घेऊन त्या नाल्यात जाते. होडी तिथे जात नाही. बुडालेल्या सागांचे शेंडे पाण्याबाहेर आहेत आणि तळ उथळ आहे.

अवंतिका


बरगी जलाशय,
१० जानेवारी २०२६

प्रणोती,

हे पत्र हेमामामीच्या हाती ग्वारीघाटच्या आश्रमात पोचवते आहे. तू तिथे दोन दिवस आहेस असं कळलं.

उत्तर: पुलाखालचं पाणी नर्मदेचं आहे.

मी पातळी दोनदा मोजली. सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने मोजलेली पातळी खात्रीची, पण त्याशिवाय पळसाची वाळकी पानं टाकून बघितली. पुलाखाली पान जागच्या जागी फिरतं आणि वाऱ्याबरोबर उलटंही जातं. पुलाच्या बरंच वर, नाला जिथे वळतो आणि काठावर मोठा कहुआ, म्हणजे अर्जुनवृक्ष, आहे, तिथे पान प्रथम संथपणे सरकतं. त्या वळणाच्या वर दगड उघडे आहेत, पाणी घोट्याइतकं आहे आणि ते आवाज करत वाहतं. तिथून पार झालीस तर तू नाला ओलांडलास. पुलावरून गेलीस तर नर्मदा ओलांडलीस. वळणापर्यंत जाऊन परत रस्त्याला लागण्यात तुझी जवळजवळ सबंध सकाळ जाईल, आणि वाट काटेरी आहे.

जलाशयाची पातळी रोज उतरते आहे. या महिन्याच्या अखेरीस फुगवटा पुलाच्या खाली सरकेल आणि मग पूल निर्वेध होईल. थांबायचं की वळसा घालायचा हा निर्णय तुझा.

हेमामामी माझ्यावर चिडली आहे.

"सांगून द्या ना ताई, पूल चालते म्हणून! कोण मोजाले येऊन राहिलं तिथं? पोरीचे पाय बघितले का तुम्ही? श्यामसुंदरजी म्हणून राहिले, टाचा फुटल्या आहेत."

"तिने मला वस्तुस्थिती विचारली आहे."

"वस्तुस्थिती पंधरा दिवसांनी बदलूनच राहिली आहे! मग आज काय अन् मागून काय?"

"आजचं आज."

"धन्य आहे. तिकडे पोरगी तशी, इकडे माय तशी. अन् मधात मी, बशीत धक्के खाऊन चिठ्ठ्या पोचवून राहिली."

मी तिला पाण्याचा पेला दिला. खरं सांगायचं तर लेखणी 'पूल चालेल' हे शब्द लिहिण्याच्या अगदी जवळ आली होती. टाचांचं मला माहीत नव्हतं. पण तू नंतर कधीतरी पातळीचे आकडे काढून पाहिले असतेस. मीही पाहिले असते.

शिधा मी तयार केला आहे. सांगते, कारण तीन महिन्यांपूर्वी मी तो वेगळा केला असता. तेव्हा मी सगळ्यांत महाग तूरडाळ बांधली असती आणि ती काटक्यांच्या आगीवर, कुकरविना, तुला संध्याकाळपर्यंत रडवत बसली असती. आता सालाची मूगडाळ ठेवली आहे. ती अर्ध्या आगीवरही शिजते. तांदूळ जुना आहे, फार पाणी मागतो पण चिकटत नाही. तूप लहान बाटलीत. मटार मात्र शेंगांसकट ठेवला आहे. सोलून द्यावा असं फार वाटलं. पण सोलणं ही रांधण्याची पहिली पायरी आहे की शिध्याची शेवटची, याचा निर्णय मला करता आला नाही.

तू वळसा घेतलास, तर त्या कहुआपाशी मी असेन. पुलाने गेलीस किंवा थांबलीस, तरी तिथेच असेन. शिधा मग परत नेईन, इतकंच.

आई


बरगी जलाशय,
२० जानेवारी २०२६

प्रणोती,

हे मंडल्याच्या पत्त्यावर पाठवते. त्या दुपारी नाल्यावर आपण दोघीच होतो, म्हणजे नोंद करणारं तिसरं कोणी नव्हतं. मी माझी बाजू लिहून ठेवते. तुझी वेगळी असल्यास कळव.

तू झुडपांतून बाहेर आलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. केसांच्या जटा, काठी, खांद्यावर घोंगडी, आणि चाल आपल्या घरातली नव्हे. तू पाण्याकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणालीस, "नर्मदे हर." वाटेतल्या कोणत्याही बाईला म्हणावं तसं. मी "हो" म्हणाले. तुला हसू आलं ते तू लपवलंस.

मग तू काठी जमिनीवर ठेवून नाल्यात उतरलीस आणि एक वाळकं पान पाण्यात टाकलंस. ते वाहून गेलं. तू आणखी खाली, वळणाच्याही खाली चालत गेलीस आणि दुसरं टाकलंस. ते थांबलं. तू माझं मोजमाप तपासून पाहिलंस! तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, आणि अगोदर केलं असतं.

तू म्हणालीस, "बरोबर आहे."

"अर्थातच बरोबर आहे."

यानंतर तू तीन दगड मांडलेस. मी सांगितलं की वारा पश्चिमेकडून सुटेल, चुलीचं तोंड फिरव. तू फिरवलं नाहीस. धूर आपल्या दोघींच्या डोळ्यांत गेला आणि मग तू फिरवलंस, पण आपणहून, असं दाखवत. मटार सोलताना तू तीन शेंगा कच्च्याच खाल्ल्यास. डाळ-तांदूळ तू गार पाण्यातच टाकलेस आणि मग जाळ केलास. पाणी आधी उकळू द्यायला हवं होतं. फोडणी तू केलीच नाहीस, सगळं एकत्र घातलंस, वरून तूप. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. तुला वाटलं थंडी वाजते आहे, म्हणून तू घोंगडी माझ्याकडे ढकललीस. थंडी वाजत नव्हती.

मी सोबत आणलेला, जिरं-मिरचीतल्या मटारचा डबा तू उघडून पाहिलास, त्याचा मला राग आला नाही. "हे तू केलंस?" म्हणालीस. वास घेतलास. मग म्हणालीस, "जिरं करपलंय, मैया." जिरं करपलेलं नव्हतं, खमंग झालं होतं, आणि मी मैया नव्हे. पण वासावरून कळण्याइतकं तुझं नाक तयार झालं आहे, ही नोंद मी मनात केली. डबा तू झाकण लावून माझ्याकडे परत दिलास. नियम तुझा होता, मी आग्रह केला नाही. त्याक्षणी मी काय केलं, ते तू पाहिलं नसशील, कारण मी नाल्याकडे तोंड फिरवलं होतं.

खिचडी झाली. तू पळसाच्या दोन पत्रावळी काढल्यास. दुसरी मला. "तुझ्या जेवणावर माझा नियम नाही," असं तू म्हणालीस. मी पहिला घास घेतला. तांदूळ टोकाला कच्चा होता, धुराचा वास भरपूर, मटार उत्तम.

तू विचारलंस, "कसं आहे?"

तू लहान असताना शाळेतले निबंध आणून असंच विचारायचीस. मी जे खरं असेल ते सांगायचे. आताही सांगितलं. "मीठ कमी आहे."

तू चाखून पाहिलंस. "आहे."

मिठाची पुडी माझ्या बाजूला पडली होती. मी ती उचलून तुझ्यापुढे धरली. तू ती घेतली नाहीस. पातेलंच उचललंस, त्याचा तळ राखेने काळा होता, आणि ते माझ्यापुढे सरकवलंस. "घाल."

मी म्हणाले, "हे तुझ्या नियमात बसत नाही. मीठ घालणं ही रांधण्याचीच क्रिया आहे. शिजवण्याच्या व्याख्येत ते वगळता येणार नाही. मी घातलं, तर अन्न तुझ्या एकटीच्या हातचं राहणार नाही."

"माहितेय."

"शेंगासुद्धा मी या कारणाने सोलल्या नाहीत."

"माहितेय, आई. वाचलं मी. घाल ना."

एवढं सांगून तू काटकीने चूल उकरत बसलीस, जणू तिथे काही फार महत्त्वाचं जळत होतं. मी पुडी उघडली. माझ्या बोटांना तेव्हा कोणतंच प्रमाण सुचेना. जे चिमटीत आलं ते मी घातलं. मी ते नीट कालवलं. तू पत्रावळ पुढे केलीस आणि मी तुला वाढलं.

ते खारट झालं होतं. पहिल्याच घासाला मला कळलं. चांगलं खारट, जीभ आक्रसेल इतकं. तुलाही कळलं, जिला नुसत्या वासावरून जिऱ्याची पारख करता येते, तिला ते कळलं नसेल असं मी मानत नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. आता तू बोलणार, आणि जे बोलशील ते बरोबर असेल, म्हणून मी तयार होते.

तू जेवलीस. पत्रावळ पुन्हा पुढे केलीस.

आई